निळी द्राक्षं, गुलाबी द्राक्षं

२४ नोव्हेंबर १९७४, रविवार. दोन लग्नांच्या मसाल्याची ऑर्डर होती आणि मी सकाळपासून धने भाजत होते. धने करपायच्या एक श्वास आधी सांगतात. वास गोड असतो, तो एकदम कोरडा होतो. त्याच क्षणी कढई उतरवायची. बावीस वर्षं मी मसाले करून विकत होते आणि तोवर माझी एक कढई वाया गेली नव्हती. त्या दिवशी गेली. माझं लक्ष अंगणापलीकडल्या क्लबाच्या इमारतीकडे होतं. तिथे माझे यजमान पांढरा कोट घालून सहा सभासदांसमोर उभे होते आणि दोन लाल वाईनींमधला फरक त्यांना सांगत होते.

त्यांना तीन महिन्यांपासून कशाचाच वास येत नव्हता. हे चार माणसांना ठाऊक होतं: त्यांना, मला, आमच्या मुलीला आणि धंतोलीतल्या डॉक्टरला.

क्लब सिव्हिल लाइन्समध्ये होता, साहेबांच्या वेळचा. यजमान तिथे स्टुअर्ड होते. सावनेरजवळच्या खेड्यात त्यांच्या घरी कापसाची शेती. अठराव्या वर्षी नागपूरला आले, क्लबात कपबशा धुवायला लागले, आणि शेवटच्या इंग्रज सेक्रेटरीने त्यांचं नाक ओळखून त्यांना बाटल्यांकडे घेतलं. कुठली वाईन मटणाबरोबर, कुठली कोंबडीबरोबर, कुठली बाटली आतून मेली आहे, हे त्याने त्यांना शिकवलं. गावी गेले की भाऊ थट्टा करत, "आम्ही कापूस वेचतो, अन् हा बुचं हुंगते." यजमान हसत. पण घरी आल्यावर मला सांगत की शंभर बुचांतून एक खराब बूच काढणं सोपं नाही.

आम्ही क्लबाच्याच आवारात, मागच्या बाजूच्या नोकरांच्या क्वार्टरांत राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे अंगण. नोकरी सुटली की महिन्याच्या आत क्वार्टर सोडायचं, असं सहीचं पत्रच होतं. माझा मसाला त्या अंगणात चाले, कारण मिरच्या भाजताना दुसऱ्या कुठल्या वस्तीत शेजाऱ्यांनी मला राहू दिलं नसतं. मुलगी मॅट्रिकला होती. शाळा पायी दहा मिनिटांवर.

ऑगस्टच्या शेवटी यजमान सायकलवरून पडले. ओला रस्ता, समोर म्हैस आली, ब्रेक लागला नाही. डोक्याला मागून मार बसला. चार टाके पडले, आठवड्यात निघाले, आम्ही सुटलो म्हणालो. मग एक दिवस मी पाण्याला गेले होते. परत आले तर घर धुराने भरलेलं. चुलीवरचं दूध आटून काळं झालं होतं आणि शेजारीच पाटावर हे पेपर वाचत बसलेले.

"दूध करपून राहिलं, दिसत नाही तुमाले?"

"मी इकडे वाचून राहिलो होतो वं."

"दिसत नाही ते नाही. वास?"

त्यांनी पेपर खाली केला. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हिंगाची डबी उघडून नाकाखाली धरली. नाही म्हणाले. रॉकेलचं बूच धरलं. नाही. खोबरेल, चहाची भुकटी, माझा नवा मसाला, सगळ्याला नाही. मग मी एक सुकी मिरची निखाऱ्यावर टाकली. ते दणकून खोकले आणि एकदम खूश झाले. "हे लागलं! आलं, आलं!" म्हणाले. मला सांगावं लागलं की तो वास नाही, ठसका आहे. मिरची आंधळ्याच्याही डोळ्यांना झोंबते.

डॉक्टरने तेच सांगितलं. मागून आपटलं की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात. कधी जुळतात, कधी नाही. सहा महिने वाट पाहा. औषध काही नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू, तुरट कळत राहील. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम, ते गेलं.

यजमान दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "कोणाले सांगू नोको."

मी नाही सांगितलं. त्यांनी दीडेक महिना निभावून नेलं, पण दसऱ्याच्या जेवणाला घोटाळा झाला. धोब्याकडून आलेले नॅपकिन कोणीतरी रॉकेलच्या डब्यापाशी ठेवले होते. यजमानांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या घड्या घालून बावन्न ताटांशी मांडले. पहिल्या बाईने तोंड पुसलं आणि ओरडली. क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मेजर. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "नाक घर पे छोड़ के आए हो क्या?" लोक हसले. जेवणानंतर मेजरांनी त्यांना ऑफिसात बोलावून हळू आवाजात सांगितलं की आता वय झालं, थकवा येत असेल तर आराम करा. म्हणाले, नोव्हेंबरातल्या पारखीला मी समोर बसेन, मग ठरवू.

ही पारख म्हणजे क्लबाची जुनी रीत होती. वर्षाअखेरच्या मोठ्या जेवणासाठी एक लाल वाईन निवडायची. बाटल्यांना नॅपकिन गुंडाळायचे, नाव दिसू द्यायचं नाही. स्टुअर्ड कमिटीसमोर चाखून सांगणार की ही अमुक द्राक्षाची, ही तमुक, आणि जेवणाला ही घ्या. कमिटी एकेक घोट घेणार आणि मान डोलावणार. यजमान स्टुअर्ड झाल्यापासून वीस वर्षांत कोणी त्यांचा शब्द खोडला नव्हता. पूर्वी विलायती बाटल्या असत. तो माल येणं बंद झाल्यावर देशातल्याच दोन राहिल्या. दोन्ही दक्षिणेकडच्या. एक निळ्या म्हणतात त्या काळ्या द्राक्षांची, दुसरी गुलाबी नावाच्या द्राक्षांची. ही गुलाबीसुद्धा काळीच असतात, नाव तेवढं गुलाबी. दोन्हींचा भाव जवळजवळ सारखा, त्यामुळे स्वस्त बघून घ्या असं म्हणायची सोय नव्हती. निकाल चवीवरच लागणार होता.

पारखीच्या दोन दिवस आधी स्टुअर्डने दोन्हींची एकेक बाटली फोडून पाहायची असते. त्या शुक्रवारी दुपारी यजमान घरी आले आणि कोटाच्या खिशातून औषधाच्या दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. एकीच्या गळ्याला दोरा बांधलेला.

"दोऱ्याची निळी," म्हणाले. "बिनदोऱ्याची गुलाबी. मले दोन्ही सारख्या लागून राहिल्या. तू पाहून सांग."

"मी?"

"तुझं नाक आहे ना."

मी दारूला कधी शिवले नव्हते. आमच्या माहेरी दारूचं नाव काढलं तरी आई तोंड फिरवायची. पण त्या वेळी हो-ना करायला सवड नव्हती. मी दार लावलं, स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या, ओतल्या आणि मसाला हुंगते तशी हुंगले. आधी लांबून, मग जवळून, मग डोळे मिटून.

गुलाबीचा वास फार छान होता. गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा, मागून थोडं जुनं मध. निळीचा वास सरळ होता. रासबेरीच्या गोळीसारखा, त्याला थोडा रानटीपणा, कच्च्या कातड्याचा. मग घोट घेतला. गुलाबी तोंडात गेली आणि काहीच उरलं नाही. गोडसर पाणी, शेवटी जिभेखाली बारीक कडू. निळी मात्र तोंड धरून बसली. आंबट, आणि हिरड्या आवळून घेणारी, जांभळं खाल्ल्यावर होतं तसं. मी दोन्ही मोरीत थुंकले.

तेवढ्यात दारावर थाप पडली. माळ्याची बायको. तिचं क्वार्टर आमच्या समोर होतं आणि तिला सगळ्याचा वास येत असे.

"काहून वं, दार लावून काय करून राहिली?"

"खोकल्याचं औषध करून राहिली."

"औषध? बाप्पा! आमच्या घरच्यालेबी असाच खोकला येते पगाराच्या दिवशी." ती फिदीफिदी हसली. "नवरा साहेबायले पाजते, अन् तू घरी नवऱ्याले पाजते का?"

"पोरीची परीक्षा आहे, तू जा," म्हटलं. पोरीची परीक्षा मार्चमध्ये होती, पण ती गेली.

मी यजमानांना बसवलं आणि सांगितलं की आता वासाचं नाव काढायचं नाही. तुमच्याकडे डोळे आहेत, जीभ आहे, हिरड्या आहेत. पांढरा रुमाल मागे धरून पेल्याची कड पाहायची. निळीची कड जांभळी येते, शाईसारखी. गुलाबीची कड विटकरी. मग घोट घ्यायचा आणि गिळायची घाई करायची नाही. हिरड्या आवळल्या तर निळी. जिभेखाली कडू आलं तर गुलाबी. मसाला विकत घ्यायला येणाऱ्या लोकांना फसवतात ते याच ठिकाणी, वासाने भुलवून. तुम्हाला वास भुलवू शकत नाही, एवढं धरून चाला.

"अन् ते विचारतील, वास कसा आहे, तं?"

"तं मी सांगितलं ते सांगजा. गुलकंद अन् रासबेरी. पाठ करून घ्या."

ते पाठ करत बसले, पोरीसारखे. मग मी त्यांचे डोळे बांधले आणि वाट्यांची अदलाबदल केली. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा बराच वेळ तोंडात धरलं आणि म्हणाले, "निळी." बरोबर. मग चुकलेच नाहीत. शनिवारी उरलेल्या थेंबांवर पुन्हा घेतलं, तेव्हाही नाही.

डोळ्यांवरचं फडकं सोडताना एक गोष्ट त्यांनी सांगितली. म्हणाले, तीन महिन्यांत जे खाल्लं ते सगळं उकडलेल्या कागदासारखं लागलं. वरण, भाकर, तुझं मटण, सगळं. ही निळी पहिली गोष्ट, जी तोंडात आहे असं वाटलं. आवळते ना, म्हणून.

"मग निळीच घ्या म्हणून सांगा," मी म्हटलं. "मटणाबरोबर तीच चालेल. ती गुलाबी वासावरच जगते, आत काही नाही तिच्यात."

हे मी बोलले आणि मग जीभ चावली.

तर रविवारी मी धने करपवले. दुसरे धने घेतले. खोबरं भाजलं, खसखस भाजली, दगडफूल साफ करायला घेतलं. मुलगी आत पाठ करत होती आणि मधूनमधून बाहेर येऊन नुसती उभी राहत होती. मी तिला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "बाबा नाही पास झाले तं आपण कुठं जायचं?" मी म्हटलं, दगडफुलातले खडे वेच. तिने वेचले.

पाचच्या सुमारास यजमान अंगणात आले. चालण्यावरूनच कळलं. दसऱ्यापासून ते पाय ओढत चालत होते. आज बूट वाजत होते.

"सांगा आता," मी म्हटलं.

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, पाय धुतले, चहा मागितला. एवढं सगळं झाल्यावर सांगायला लागले. मेजर अगदी समोर बसले होते. एक रिटायर्ड जज्ज, एक डॉक्टर (धंतोलीतला नव्हे), गिरणीवाले दोघे, एक वकील. पहिला पेला घेतला, रुमाल मागे धरला, कड विटकरी. घोट घेतला, जिभेखाली कडू. सांगितलं, ही गुलाबी, गुलकंदासारखा सुवास आहे, पण मटणापुढे टिकणार नाही. मेजरांनी नॅपकिन काढून लेबल पाहिलं. बरोबर. दुसरा पेला. कड शाईची. हिरड्या आवळल्या.

"अशी आवळली वं, शुक्रवारपेक्षाही जास्त. मी म्हटलं, ही निळी. हीच घ्या. जज्जसाहेबांनी घोट घेतला अन् म्हणाले, हिच्यात दम आहे. डॉक्टर म्हणाले, मातीचा सुगंध आहे, पाऊस पडल्यावर येते तसा. वकील म्हणाले, वा, अगदी मातीचा. मेजर मले काय म्हणाले, सांगू? म्हणाले, नाक तो सलामत है तुम्हारा. बारा डझनची ऑर्डर. उद्या पोस्टात पत्र टाकून राहिले."

मुलीने टाळ्या वाजवल्या. मी चहा ओतला. मला खरंच बरं वाटलं, ते मी नाकारत नाही.

मग त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. निवडलेल्या बाटलीत जे उरेल ते स्टुअर्डचं, हीही रीतच होती. दरवर्षी ते तिथेच माळ्याला देऊन टाकत. या वर्षी त्यांनी ते माझ्यासाठी आणलं होतं. "तुझी शिकवणी," म्हणाले, आणि वाटीत ओतून माझ्यापुढे धरलं.

मी वाटी नाकाशी नेली.

ओलं गोणपाट. पावसाळ्यात तळघरात पडून राहिलेलं, बुरशी धरलेलं गोणपाट. रासबेरी कुठेच नाही. कातडं नाही. फक्त ते गोणपाट. बुचाला बुरसा लागला की बाटली आतून मरते असं यजमानच मला सांगत असत. चवीला फारसं कळत नाही, वासाने मात्र लहान पोरालाही कळावं.

आणि मी बोलून गेले. विचार केला असता तर गप्प बसले असते. त्याची मला आजही चीड येते. मसाल्याची पिशवी उघडली आणि आत कुबट निघालं की तोंडातून निघतं, तसं निघालं.

"ही खराब आहे."

"काय?"

"बूच सडलं आहे हिचं. गोणपाटासारखी घाण येऊन राहिली."

त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या नाकाशी धरली. जोरात ओढून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मुलगी उठून आत गेली.

"पक्कं?"

"मी मसाल्यात चुकते का?"

ते वाटी हातात धरून बसले. मग म्हणाले, "सहा जण होते."

मी म्हटलं, "होते तं होते."

"सहाच्या सहा. मातीचा सुगंध म्हणाले."

तेव्हा माझ्या डोक्यात सरळ हिशेब आला आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, हे तर बरंच झालं. त्यांना सडलेलं आणि चांगलं यातला फरक कळत नाही, हे आज दिसलं. मग तुमचं नाक गेलं काय आणि राहिलं काय, कोणाला कळणार? तुम्ही कड पाहा, हिरड्या पाहा, पाठ केलेलं म्हणा. रिटायर होईपर्यंत असंच चालेल. घाबरायचं कारणच संपलं.

मला वाटलं होतं की त्यांना हायसं वाटेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कधी विसरले नाही. राग नव्हता. तीन महिने जे उसनं अवसान धरून होते, ते सगळं उतरलं होतं.

"मंग मी तीस वर्सं कोणासाठी चाखून राहिलो होतो वं?"

मी खसखशीचा डबा बंद केला.

ते सांगत गेले, वाटीकडे पाहत. एकेका बाटलीसाठी ते मागच्या सेक्रेटऱ्यांशी भांडले होते. एका वर्षी एक पेटीच्या पेटी परत पाठवली, कारण त्यांना बुचाला बुरसा लागलाय असं वाटलं. कोणी काही बोललं नाही, मान डोलावली. त्यांना वाटलं, लोकांना पटलं. लोकांना पटलं नव्हतं. लोकांना काही कळलंच नव्हतं. त्यांनी तेव्हा ती पेटी वाढली असती तरी लोक माती म्हणून प्याले असते.

"सकाळी मी मेजरले सांगतो," ते म्हणाले. "पत्र जायच्या आधी."

"काय सांगता?"

"बाटली खराब होती. अन् मले कळलं नाही. अन् काहून कळलं नाही, तेही."

मी हातातलं काम ठेवलं. आयुष्यात मी नवऱ्याच्या पाया पडले नव्हते, त्या संध्याकाळी तेही केलं. म्हटलं, मार्चपर्यंत थांबा. पोरीची परीक्षा होऊ द्या. मग सांगा, मी अडवणार नाही. म्हटलं, एकच बूच सडलं असेल, बाकी माल चांगला असेल, शुक्रवारची बाटली चांगली नव्हती का? म्हणाले, असेल. पण त्या बारा डझनांतल्या किती सडक्या, ते कोण पाहणार? जेवणाला बाहेरगावचे पाहुणे येतात. त्यांच्यात एखादा तरी नाकवाला निघेल, आणि मी हाताने त्याच्या पेल्यात ही घाण ओतत असेन.

"मी पाहते," मी म्हटलं. "तुम्ही मले पँट्रीत बसवा. दाराआड बसते. एकेक बाटली हुंगते, तुमाले बोटांनी खूण करते."

ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं. नोकरांच्या बायकांना त्या इमारतीच्या पायऱ्या चढायची परवानगी नव्हती, आणि ते मला ठाऊक होतं.

मी चिडले. म्हटलं, तुमच्या मानापायी आम्ही दोघी रस्त्यावर जायचं का? तुमाले वास येत नाही, भूक लागते ना? म्हटलं, सहा साहेब गोणपाट पिऊन खूश आहेत तर तुमचं काय जाते? मी थर्मास उचलला आणि मोरीकडे निघाले. ओतून टाकलं की संपलं, दाखवायला काही उरणार नाही. त्यांनी उठून माझं मनगट धरलं. जोरात नाही. थर्मास काढून घेतला आणि झाकण लावून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला.

"मले वास नाही आला," ते म्हणाले, "पण आता मले माहीत झालं. माहीत नसतं तं चाललं असतं."

म्हणजे मीच सांगितलं होतं.

आम्ही जेवलो. वरणभात होता. ते जेवले, त्यांच्यासाठी कागद, आमच्यासाठी वरण. मुलीने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं, मी तिला संपवायला लावलं. त्यानंतर मी मसाला कुटायला बसले. ऑर्डर सोमवारी सकाळी द्यायची होती आणि नवऱ्याचं काय होणार म्हणून कोणाच्या लग्नाचा मसाला थांबत नाही. कुटताना डोळ्यांना पाणी आलं ते मिरचीमुळे आलं, असं मी मुलीला सांगितलं.

सोमवारी सकाळी मी पांढऱ्या कोटाला इस्त्री केली. थर्मासातली वाईन औषधाच्या बाटलीत ओतली, दोरा बांधलेल्या. बूच घट्ट बसवलं आणि कोटाच्या खिशात ठेवली. वरच्या डाव्या खिशात, ते तिथेच ठेवत. यजमानांनी आरशात पाहून बटणं लावली. दारातून बाहेर पडताना थांबले. त्यांनी खिसा चाचपला. मग अंगण ओलांडून गेले. बूट वाजले नाहीत.

मेजर ऑफिसात नऊला येत. मी नऊ वाजायची वाट पाहिली नाही. मसाल्याच्या दोन पिशव्या घेऊन रिक्षाने जरीपटक्याला गेले. माझा मसाला घेणारा दुकानदार तिथे होता, सिंधी म्हातारा, भला माणूस. त्याने पिशवी उघडून हुंगली, वजन केलं, हसला. मी त्याला विचारलं की दुकानामागची खोली रिकामी आहे का. आहे म्हणाला, पण मिरच्या नाही भाजायच्या तिथे. मी म्हटलं, पाहू.

खोली लांबट होती, एका खिडकीची. तिथे वर्षभर रिकामी पोती पडली होती. भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढलेली आणि आत शिरताच तोच वास, कालच्या वाटीतला. मी दारात थोडी थांबले. मग आत गेले, खिडकी उघडून पाहिली. उघडत होती. फरशी चपलेने ठोकून पाहिली, पोकळ वाजली नाही. पाण्याचा नळ कुठे ते विचारलं. मुलीला शाळेला इथून बस लागेल, तीही विचारली.

म्हातारा म्हणाला, "बाई, थोडी बास आती है इसमें. अपने घरवाले को दिखा लो पहले."

"त्यांना चालेल," मी म्हटलं, आणि भिंतींना चुना कधी मारून देता ते विचारलं.